वाराची भाजी

माझ्या सासरी भाजी हे जेवण नव्हतं, शिक्षा होती. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, असा कसला तरी 'वार' असला की भाजी. एरवी कालवण, आणि कालवण म्हणजे मासळीचंच. ताटात भाजी दिसली की घरातले पुरुष विचारायचे, "आज वार हाय का?" आणि सुतकात बसल्यासारखे जेवायचे. सासूबाई स्वतः भेंडी ताटाच्या कडेला सारून ठेवायच्या आणि उठेपर्यंत तिच्याकडे बघायच्याही नाहीत. अशा घरात वाढलेल्या माझ्या पोरीने भाजी मात्र आवडीने खायची. खात नाही म्हणजे दोष कुणाचा? माझा. मी शेलार गावच्या माळकऱ्याची मुलगी, लग्नापर्यंत मासळीला हात न लावलेली. माझ्याच पोरीला भाजी नको, याचा त्या घराला आनंदच झाला होता असं मला वाटतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मुलगी पाच वर्षांची होती. भिवंडीत आमच्या घराच्या तळमजल्यावर लूम, वर आम्ही. दिवसभर मांडणीवरची भांडी थरथरायची. त्या आषाढात पोर बालवाडीत दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, रक्त कमी आहे, पालेभाज्या द्या. द्या म्हणायला काय जातं! त्यांनी दिलेलं औषध ती ओकून टाकायची.

दवाखान्यातून परतताना रिक्षातच सासूबाईंनी निकाल दिला. "श्रावण सरेपर्यंत पोरीच्या तोंडाव रक्त दिसलं न्हाय, त ती वळला जाईल आत्याकडं. तिची पोरं बग, सगलं खातान."

ही वळ गावची आत्या म्हणजे माझी नणंद. तिच्या पोरांना मी कधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. मी नवऱ्याला सांगितलं, पोर पाठवायची नाही. "आई काय वाईटासाठी बोलते काय?" एवढं म्हणून तो खाली लूमवर निघून गेला. धागा तुटला की त्याला जिन्यावरून कळायचं. घरात काय तुटतंय ते कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

मग मी काय काय नाही केलं! चिऊचा घास, काऊचा घास. पालक पिठात मळून हिरव्या पुऱ्या केल्या, तिने त्या पुऱ्या गॅलरीतून खाली टाकल्या. दुधीचा हलवा केला, तो घरच्यांनी संपवला. शेजारणी येऊन शहाणपण शिकवायच्या, ताट रंगीत करा, तिच्यासोबत बसून तुम्ही खा. मी रोज तिच्यासमोर बसून खात होते, बाई! एकदा लाल माठाची वाटी तिने माझ्या अंगावर उलटी केली आणि मी तिच्या कानाखाली दिली. तिच्या गालावर माझी बोटं उठली. त्या दिवशी मला स्वतःचीच किळस आली.

नंतर एका दुपारी सासूबाईंनी वांग्यात सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, घातली होती. पोरीने एकेक सुकट वेचून खाल्ली आणि वांगं तसंच ठेवलं. ते बघताना मला युक्ती सुचली. वेचताच येणार नाही अशी घातली तर? मी सुकट तव्यावर कडक भाजली, खलबत्त्यात पार पीठ होईपर्यंत कुटली आणि चिमूटभर लाल माठात मिसळली. कुटताना माझ्या वडिलांच्या गळ्यातली माळ डोळ्यांसमोर येत होती, तरी कुटली. पोरीने वाटी चाटून पुसून खाल्ली आणि आणखी मागितली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन रडले.

आषाढ संपेपर्यंत ती माठ, चवळी, मेथी, सगळं खाऊ लागली. श्रावण लागला तसे सासूबाईंनी सुक्या मासळीचे डबे माळ्यावर चढवले, तवा राखेने घासून काढला. मी आधीच मूठभर पूड हिंगाच्या रिकाम्या डबीत काढून ठेवली होती. सगळ्यांची भाजी साधी, फक्त तिच्या वाटीत चिमूट. घराचा श्रावण मी मोडला नाही, एका वाटीतला मोडला. पाच वर्षांच्या पोरीला कसला आलाय श्रावण? तिच्या ओठांना रंग येत होता, मला तेवढंच दिसत होतं.

तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी सासूबाई उपास सोडायला बसल्या. पोर शेजारीच जेवत होती. त्यांनी घास उचलायच्या आत हिने आपल्या वाटीतली भाजी चिमटीत धरली आणि आजीच्या तोंडासमोर नेली. "आजी, तू पन खा ना. मस्त हाय." नातीच्या हातचा घास, त्यांनी कौतुकाने तोंड उघडलं. मी पोळी लाटत होते. ओरडायला हवं होतं, पण मी लाटणं टाकून उठेपर्यंत घास आत गेला होता.

दोनदा चावून त्या थांबल्या. जन्मभर सुकट खाल्लेली बाई ती, तिला काय सांगायला हवं होतं? घास हातावर थुंकला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझा सोमवार बाटवलास गो, माळकऱ्याचे पोरी."

मी पाया पडले. म्हटलं, आई, मला काय ते बोला, पण तिचे ओठ बघा, तिला रक्त भरतंय. त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन त्या वळला गेल्या. नवरा रिक्षा आणायला गेला होता.

मी दोनदा वळला जाऊन आले. एकदा पोर झोपली आहे म्हणाले, एकदा शेतावर गेली आहे म्हणाले. दोन्ही वेळा नणंदेने मला चहा दिला आणि दारातूनच वाटेला लावलं.

दसऱ्याला सासूबाई तिला घेऊन आल्या. पोरीचे गाल भरले होते, अंगात नवा फ्रॉक होता. मी मुद्दाम लाल माठ केला, साधा, लसणावर परतलेला. ती मांडी घालून बसली, मान खाली घालून सगळी भाजी खाल्ली, वाटी बोटाने पुसली. सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, आत्याने कसं वळण लावलं, पहिले आठ दिवस गालात घास धरून बसायची, आता बिशाद नाही.

तेवढ्यात पोर उठली. माझ्यासमोर येऊन ताठ उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधले, आणि तोंड उघडून जीभ वर केली.

मी म्हटलं, मिट गं बाळा, मिट तोंड. ती मिटेना. माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली, कारण मी अजून आत बघितलं नव्हतं. शेवटी मला खाली वाकून तिच्या तोंडात बघावं लागलं, तेव्हा तिने ते मिटलं.