शर्टाची सात बटणं

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. टेक्सासमधल्या शुगर लँडला येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यातली बरीचशी मुलींना शाळेत, पोहायला, तबल्याला गाडीने सोडण्या-आणण्यात गेली. मग थोरली स्वतः गाडी चालवायला लागली आणि माझ्या दुपारी एकदम रिकाम्या झाल्या.

घरापासून वीस मिनिटांवर एक रिहॅब सेंटर होतं. पॅरालिसिसचा झटका आलेली, पडून हाड मोडलेली माणसं हॉस्पिटलमधून सुटली की घरी जाण्याआधी काही आठवडे तिथे राहायची. तिथे मदतनीस हवी होती, म्हणून मी चौकशीला गेले आणि वेगळंच काही घेऊन परत आले. चार दिवस सेंटरमध्ये एका सीनियर थेरपिस्टच्या हाताखाली काम, शुक्रवार-शनिवार कॉलेज, आणि काही वर्षांनी ऑक्युपेशनल थेरपीची डिग्री.

आईला फोन केला. म्हटलं, "मी ओटी शिकतेय."

"कोणाची ओटी?"

"अगं, ती खणानारळाची नाही. आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवायची. अंघोळ, कपडे, चहा करणं."

आई म्हणाली, "त्याला डिग्री लागते?"

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या बाई साठीच्या, कृष्णवर्णीय, टेक्सासमधल्याच एका लहान गावातल्या. आवाज खणखणीत. कॉरिडॉरच्या या टोकाला बोलल्या की त्या टोकाचा पेशंट सरसावून बसायचा. त्या शिकवायच्या कमी आणि बघत जास्त राहायच्या. मला वाटायचं, यांना कामाचा कंटाळा असावा.

तिसऱ्या महिन्यात पेशंटच्या यादीत एक मराठी आडनाव दिसलं. खोलीत गेले तर ऐंशीच्या घरातले एक काका खिडकीशी व्हीलचेअरवर बसलेले. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईहून आलेले, निवृत्त सर्जन. झटक्याने उजवा हात पूर्ण गेला होता आणि बोलणं संथ झालं होतं.

"नमस्कार काका. मी ओटीची स्टुडंट आहे."

"ओटीत मी चाळीस वर्षं काढली," ते म्हणाले. अर्धा चेहरा हसला. "ऑपरेशन थिएटर. तुझी ओटी कुठली?"

मी सांगितलं. त्यांनी डावा हात वर करून दाखवला. "मग याला शर्ट घालायला शिकव."

शर्ट घालताना आधी निकामी हात बाहीत घालायचा, मग चांगला. बटणं खालून वर लावत यायची, म्हणजे वर-खाली होत नाहीत. काकांच्या शर्टाला सात बटणं होती. पहिल्या सकाळी तिसऱ्या बटणापर्यंत यायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. चौथं काजात जाई आणि परत निसटे. कपाळावर घाम आला, तरी डावा हात काज शोधत राहिला. या हातांनी किती माणसं वाचवली असतील, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी पुढे झाले आणि उरलेली चारही बटणं दहा सेकंदांत लावून टाकली.

काका खिडकीबाहेर बघत राहिले.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं. "आत्ता तू काय केलंस?"

"त्यांना मदत केली."

"त्यांनी मागितली होती?"

"नाही. पण त्यांना त्रास होत होता."

"तो तुला बघवला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे मदत तुला हवी होती."

त्या दिवशी पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत बसून मी रडले. राग आला होता. आमच्याकडे वडीलधाऱ्यांशी कसं वागतात ते या बाईला काय कळणार, असंही मनात आलं. पण घरी पोचेपर्यंत काकांचं ते खिडकीबाहेर बघणंच आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "काका, काल माझं चुकलं."

"हो, चुकलं," ते सरळ म्हणाले. मग एकेक शब्द जुळवत बोलले, "शिकाऊ पोरांना टाका नीट जमत नसला की माझाही हात पुढे यायचा. मी हात मागे बांधून उभा राहायचो. फार अवघड असतं ते. शीक."

मी शिकायला लागले. बटण निसटायचं आणि मी हात पाठीमागे धरून उभी राहायचे. काका मध्येच दटावायचे, "श्वास घे गं. बटण मी लावतोय." कधी कधी बटणं राहून जायची आणि गप्पाच व्हायच्या. अजून कुठे सकाळच्या उन्हात जिवणीच्या एका बाजूने हसणारा माणूस दिसला की मला ती खोली आठवते.

खरी अडचण काकूंची होती. त्या रोज साडेअकराला डबा घेऊन यायच्या आणि आल्या आल्या काकांची कॉलर सारखी करायच्या, राहिलेली बटणं लावायच्या, घास भरवायच्या. त्यांच्याशी बोलायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं. "तुझी भाषा आहे, तूच बोल."

"काकू, त्यांना स्वतः करू द्या ना थोडं," मी भीत भीत म्हटलं.

"पन्नास वर्षं यांचं सगळं मी केलंय. आता तू मला सांगणार? आणि मी काय करू, नुसती बसून बघू?"

मी म्हटलं, "चला, आपण बाहेर फेरी मारून येऊ."

सेंटरमागे छोटी बाग होती. दोन फेऱ्या काकू घुश्शातच चालल्या. तिसऱ्या फेरीला बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मला रोज सकाळी उठल्यावर एकच भीती वाटते. मी यांच्याआधी गेले तर यांना शर्ट कोण घालणार?" आणि पदराने डोळे पुसले.

मी त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळाने आम्ही आत आलो. काकांची सहा बटणं लागली होती, मधलं एक सुटलं होतं. काकूंचा हात सवयीने पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. काकांनी खाली पाहिलं, ते बटण शोधलं, आणि किती तरी वेळ खटपट करून लावलं.

"जमलं की हो," काकू म्हणाल्या.

पाच आठवड्यांनी काका घरी गेले. उजवा हात कधीच परत आला नाही. माझी डिग्री व्हायला पुढे साडेतीन वर्षं लागली आणि तोवर दुसऱ्या झटक्याने ते गेले होते. भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "शेवटच्या दिवशीसुद्धा शर्ट स्वतःच घातला. मी बाहेर बसून पेपर वाचायचे तोवर. वाचायची सवयच लागली बघ."

बाई निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या. त्या सेंटरमध्ये आता मी एकटीने पेशंट बघते. पण कुणीतरी दारात उभं राहून आपल्याला न्याहाळतंय, चुकलो तर बाहेर बोलावणार आहे, हा धाक आणि आधार आता नाही, आणि त्याची मला फार आठवण येते.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला होता, कसा वापरायचा ते दाखवायला ये म्हणाल्या. रविवारी गेले. टबच्या काठावरून पाय आत टाकताना त्या जरा डगमगल्या. मी पुढे सरकले, तशा त्या म्हणाल्या, "तू तिथेच उभी राहा. एकटीनेच करायचंय ना मला रोज?" आणि दांडा घट्ट धरून त्यांनी दुसरा पाय उचलला.