सहा महिन्यांची मुदत

घरी जायलाही मुदत असते, हे युरोपातल्या माझ्या वर्गमैत्रिणींना मला कधीच धड समजावता आलं नाही. त्यांना वाटायचं माझं इंग्रजी कमी पडतंय.

आमचं घर अजमानला होतं. बाबा शारजातल्या एका छापखान्यात सुपरवायझर होते, आई घरी शिकवण्या घ्यायची आणि माझी शाळा दुबईत ऊद मेथाला होती. म्हणजे एका कुटुंबाचा रोजचा दिवस तीन अमिरातींत विभागलेला. मी दोन वर्षांची असताना तिथे गेले आणि एकोणिसाव्या वर्षी शिकायला बाहेर पडले. मधली सतरा वर्षं दुसरं घर माहीतच नव्हतं. पण ते घर कागदावर उभं होतं. बाबांचा व्हिसा कंपनीवर, आईचा आणि माझा व्हिसा बाबांवर. त्यात नियम असा, की तिथला रहिवासी सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की त्याचा व्हिसा मेला. म्हणून बाहेर शिकणारी आमच्याकडची मुलं सहा महिने भरायच्या आत एक फेरी मारून जायची, अगदी दोन दिवसांसाठीही. एखाद्या घरी हळदीकुंकवाला गेलं की बायका विचारायच्या, "मुलगी येतेय ती सुट्टीला की व्हिसाला?" आणि हे कुणालाच विचित्र वाटायचं नाही.

तारखा सांभाळणं हे बाबांचं काम. फ्रिजवर किराणा दुकानाचं कॅलेंडर असायचं आणि त्यावर लाल पेनाने गोल केलेले असायचे: पासपोर्ट, लेबर कार्ड, हेल्थ कार्ड, गाडीचं रजिस्ट्रेशन, आईचा व्हिसा, माझा व्हिसा. बाकीच्यांच्या घरी कॅलेंडरात चतुर्थी आणि एकादशी शोधत असतील, आमच्याकडे व्हिसे शोधत. माझ्या वाढदिवसावर एकदा गाडीच्या विम्याचा गोल पडला होता, तेव्हा मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते.

जर्मनीत एका लहानशा गावात मी शिकायला आले आणि पहिल्याच थंडीत या मुदतीचा मला मनस्वी राग येऊ लागला. फेब्रुवारीच्या मध्यावर सत्र संपणार होतं, पुढचं एप्रिलात सुरू होणार होतं. सगळ्या वर्गाने रेल्वेचे पास काढले होते. मी मात्र अजमानला जाऊन पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा? मी बाबांना फोनवर ठणकावून सांगितलं, "मी मोजलंय. मार्च संपेपर्यंत वेळ आहे. आधी फिरणार, मग येणार."

"बरोबर मोजलंस ना?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी इंजिनीअरिंग करतेय."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते असं. मी जर्मनीत उतरले त्या दिवसापासून सहा महिने मोजले होते. पण अजमान मी त्याआधी तीन आठवडे सोडलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही तिघं देवरुखला मावशीकडे गणपतीला गेलो, आणि मुंबईहून मी तशीच पुढे निघाले. ते तीन आठवडे माझ्या हिशेबात आलेच नाहीत. भारतात जाणं म्हणजे देशाबाहेर जाणं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. दोन्ही आपलंच होतं ना! सरकारच्या लेखी मात्र मी ज्या दिवशी दुबईच्या विमानतळावर बाहेर पडण्याचा शिक्का घेतला, त्या दिवशीच घड्याळ सुरू झालं होतं. खरी मुदत मार्चच्या पहिल्याच आठवड्यात संपत होती.

प्रवासाला माझ्याबरोबर वर्गातल्या दोघी यायच्या होत्या, एक कोरियन आणि एक पोलिश. आईने परवानगी दिली ती या दोघींच्या भरवशावर. निघायच्या दोन दिवस आधी कोरियन मुलगी आजारी पडली आणि पोलिश मुलीला तिचा मित्र भेटायला आला. पास माझ्या हातात होता. मागे फिरायला लाज वाटत होती, आणि ज्या सुट्टीसाठी बाबांशी भांडले ती न घेता घरी जायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच. मी एकटी निघाले आणि घरी सांगितलं, तिघी निघालोय.

ब्रसेल्सला पाऊस होता. पॅरिसला पाऊस आणि वारा होता. जे बघायचं ते सगळं मी बघितलं, मोठी चर्चं, मोठे पूल, संग्रहालयातल्या न संपणाऱ्या खोल्या. पण सुंदर काही दिसलं की माणूस आधी शेजारी वळून बघतो, आणि माझ्या शेजारी दर वेळी कोणीतरी परकंच असायचं. पहिले काही दिवस मी लोकांना फोटो काढायला सांगितलं. मग कंटाळा आला. त्या प्रवासाच्या बहुतेक फोटोंत मी नाहीच. युथ हॉस्टेलात सकाळी पाव-लोणी घेऊन मी मुद्दाम मोठ्या टेबलावर बसायचे, म्हणजे कोणीतरी बोलेल. लोक बोलायचेही. "कुठून आलीस?" मी म्हणायचे, "दुबईजवळून." ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाही, खरं कुठून?" फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत मी नुसतं 'इंडिया' म्हणायला लागले, त्याने संभाषण लवकर संपायचं. पळसाला पानं तीनच, तसं झालं होतं. गाव बदलायचं, मी तीच. खरं सांगायचं तर मी आयुष्यात इतकी एकटी कधीच नव्हते, आणि ते कबूल करायला माझ्याकडे माणूसही नव्हतं.

दर दोन-तीन दिवसांनी मी बूथवरून कार्ड घालून घरी फोन करायचे आणि त्या दोघींबद्दल सांगायचे. खोटं एकदा सुरू केलं की त्याला खायला-प्यायला घालावं लागतं. कोरियन मुलगी म्हणे तिखटावाचून जेवत नाही. पोलिश मुलगी म्हणे रस्ता चुकवते. आई रंगून जायची. "त्यांना घेऊन ये गं आपल्याकडे. तिला म्हणावं मिरचीचा ठेचा खायला घालते." मी "हो" म्हणायचे, फोन ठेवायचे आणि पुन्हा रस्त्यावर यायचे.

व्हिएन्नाला एका भाजीबाजारात फिरत होते. दुपारची वेळ, बोटं गारठून गेलेली. एका फलाफलच्या, म्हणजे हरभऱ्याच्या वड्यांच्या, गाडीवरचा मिशाळ माणूस मागच्या पोऱ्यांवर खेकसत होता, "यल्ला, यल्ला, खलास!" म्हणजे चला, आटपा, पुरे झालं. मी जागच्या जागी थांबले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मराठी ऐकून येईल असं मला वाटलं होतं, आलं ते अरबी ऐकून. मी पुढे होऊन एक फलाफल घेतलं आणि आभाराचं "शुक्रन" म्हणाले तर त्याने चमकून वर बघितलं. त्याने अरबीत विचारलं, मी शाळेतल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, अजमान.

"अजमान!" तो ओरडला. "अजमान, हबीबी! शारजाच्या पुढे!"

तो चार वर्षं तिथे ट्रक चालवत होता. त्याला समुद्रकाठचा रस्ता, कॉर्निश, माहीत होता, मासळीबाजार माहीत होता, उन्हाळ्यात नळाला येणारं कढत पाणीसुद्धा माहीत होतं. पूर्ण युरोपात पहिल्यांदा कोणी मला 'खरं कुठून' असं विचारलं नाही. मी त्याच्या गाडीपाशी तासभर उभी राहिले. त्याने मला दुसरं फलाफल फुकट दिलं आणि त्याच्या बॉसच्या मद्रासी हिंदीची नक्कल करून दाखवली, आणि मी पोट धरून हसले.

त्याच हसण्याच्या भरात मी घरी फोन केला. त्या दिवशी शुक्रवार, म्हणजे तिथला सुट्टीचा वार होता, बाबा घरी होते, त्यांनीच उचलला. माझ्या आवाजात हसू मावत नव्हतं.

"काय गं, फार खुशीत दिसतेस?"

"या दोघींनी नुसता वात आणलाय, बाबा!" मी म्हणाले. फलाफलवाल्याचं सांगायचं तर दोघी कुठे होत्या तेही सांगावं लागलं असतं.

बाबा म्हणाले, "घरी लवकर यावंसं वाटतं का? तिकीट प्रीपोन करू शकतो आपण."

"छे! अजून लिस्बन राहिलंय."

"बरं," ते म्हणाले. "मजा कर."

लिस्बनला मी चार दिवस एका बाकावर बसून नदी बघितली. समुद्राला मिळणारी ती रुंद नदी सोडून मला तिथलं काही आठवत नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रँकफर्टच्या विमानतळावर, दुबईच्या काउंटरवरल्या बाईने माझा पासपोर्ट उघडला, सप्टेंबरचा शिक्का शोधला आणि बोटांवर महिने मोजले. मीही तिच्याबरोबर मोजले. सातव्या बोटाशी मला कळलं. ती हळू आवाजात म्हणाली की हा व्हिसा आता चालणार नाही, ती मला विमानात बसू देऊ शकत नाही. मागची रांग माझ्या बॅगेला वळसा घालून पुढे गेली.

मी बाबांना फोन केला. मला वाटलं ते ओरडतील. ते फक्त म्हणाले, "ठीक आहे. रडू नकोस. मी व्हिजिट व्हिसा टाकतो." मी रिकाम्या हॉस्टेलवर परतले. मजल्यावर मी एकटीच होते. बाबा टायपिंग सेंटरवर फॉर्म टाईप करून घेत होते, इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहत होते, स्वतःच्या मुलीला पाहुणी म्हणून बोलावण्यासाठी. आठवड्याने व्हिसाची प्रत फॅक्सने आली. त्यावर लिहिलं होतं, नातं: मुलगी. कारण: भेट.

दुबईला मी लहानपणापासूनच्या सवयीने रहिवाशांच्या रांगेत उभी राहिले आणि मग मला तिथून काढून दुसऱ्या रांगेत पाठवलं. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने नवा कागद बघितला, जुन्या व्हिसाचं पान उलटलं आणि त्यावर आडवा शिक्का मारला.

"ये खलास," तो चांगल्या हिंदीत म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. "पहली बार नहीं आई ना?"

"नहीं," मी म्हणाले.

बाहेर बाबा एकटेच आले होते. आई घरी स्वयंपाकात होती. शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला, एसीचा आवाज, समोर बाटल्यांनी भरलेला ट्रक. माझा तोल गेला. चूक माझी होती, म्हणूनच बहुधा मी त्यांच्यावर चिडले.

"बाबा, तुम्हाला सगळ्या बिल्डिंगच्या तारखा पाठ असतात. माझीच कशी विसरलात?"

"विसरलो नाही," बाबा म्हणाले. "आधी तू म्हणालीस मोजलंय, म्हणून धरून चाललो. फेब्रुवारी संपता संपता सहज मोजलं तर घोळ लक्षात आला. तू व्हिएन्नाहून फोन केलास ना, त्या दिवशी पाच दिवस बाकी होते."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "सांगणारच होतो. तिकीट प्रीपोन करू का विचारलं, आठवतं? पण तू इतकी हसत होतीस गं. फ्रेंड्सबरोबर होतीस. लहानपणापासून तुला या डेट्सच्या मागे पळवलं, तुझा बर्थडेसुद्धा सोडला नाही. म्हटलं, एकदा तरी पोरीला मोकळं हसू दे. व्हिसा काय, इन्शाल्ला परत होईल."

"माझ्याबरोबर कोणी नव्हतं," मी म्हणाले.

"काय?"

"त्या दोघी आल्याच नाहीत. पाचही गावं मी एकटीने फिरले. आणि त्या दिवशी हसत होते ना, ते तिथे एक माणूस भेटला होता म्हणून. तो अजमानला राहिला होता. आम्ही तासभर अजमानबद्दलच बोलत होतो."

समोरचा ट्रक पुढे सरकला. बाबांनी गाडी हलवली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले.

"म्हणजे मी सांगितलं असतं, तर तू आली असतीस?"

"त्याच दिवशी निघाले असते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मग हे काय करून बसलो गं मी," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरला. तो हात थंडगार होता आणि तो एसीने झाला असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.

माझ्याकडे फक्त दहा दिवस होते. नवा रहिवासी व्हिसा म्हणजे मेडिकल, मग स्टॅम्पिंग, त्यात ते बसणं शक्य नव्हतं. मी पाहुणी आले तशी पाहुणीच परत गेले. पुढच्या वर्षी परीक्षा आडवी आली, त्याच्या पुढच्या वर्षी बाबांचीच नोकरी संपली आणि अजमानचं घर उठलं. त्या देशाची मी पुन्हा कधीच रहिवासी झाले नाही.

पण त्या मार्चनंतर फोनवर बाबांचा पहिला प्रश्न बदलला. जेवलीस का, थंडी आहे का, हे सगळं नंतर. आधी ते विचारायचे, "आत्ता बरोबर कोण आहे?" मी खरं तेच सांगायचे. "कोणी नाही" म्हणाले, की ते छापखान्यातलं, बिल्डिंगमधलं, कोणाचं काय कुठे अडलंय ते काहीबाही सांगत राहायचे, माझं कार्ड संपून फोन आपोआप तुटेपर्यंत.