दगड नसलेली काचपट्टी

"स्वल्प थांबा. आधी पडदे मोजू," असं म्हणून अक्का चष्मा पदराला पुसायच्या आणि मगच सूक्ष्मदर्शकावर वाकायच्या. तोवर आमच्या साहेबांनासुद्धा मुकाट्यानं उभं राहावं लागे.

मी पुण्याहून बंगलोरच्या प्रयोगशाळेत नवाच लागलो होतो. दगडी कोळसा आम्लात मुरवायचा, उरलेला गाळ काचपट्टीवर जेलीत बसवायचा आणि त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे परागकण शोधायचे, हे आमचं काम. बुरशीचे बीजाणू दिसले तर आम्ही कचरा म्हणून सोडून द्यायचो. अक्का नेमके तेच गोळा करायच्या. तशा त्या चित्रं काढायला होत्या, शिक्षण मॅट्रिक. पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरात मुरलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात कानडी यायचंच. बीजाणू कुठल्या बुरशीचा हे सहसा कळत नाही, म्हणून आतले पडदे किती, छिद्रं किती, यावरून त्याचा गट ठरवायचा. "आईबाप विचारू नयेत, रूप बघावं. सरी? कळलं ना?" असं मला दटावायच्या.

एकदा त्यांना चार पडद्यांचा एक बीजाणू सापडला. कुठल्याच पुस्तकात तो नव्हता. साहेब म्हणाले, तुमच्या नावानं छापू. दुसऱ्या दिवशी अक्कांनी डबाभर चिरोटे आणले. इतकं हसताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

लेख धाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मनाची खात्री म्हणून त्यांनी नुसत्या जेलीची काचपट्टी केली होती, दगडाचा कणही न घालता. मी डोळा लावला. तोच बीजाणू, तेच चार पडदे. प्राचीन कसला, आमच्याच जेलीत वाढलेला.

"बाटली कुणीतरी उघडी ठेवत असेल," त्या म्हणाल्या. "असू दे."

बाटली मीच उघडी ठेवायचो. बूच लावायचा कंटाळा, दुसरं काय! तेव्हाच सांगायला हवं होतं. नोकरी जाईल या भीतीनं मी गप्प बसलो. अक्कांनी स्वतः साहेबांकडे जाऊन लेख थांबवला. त्यानंतर त्यांनी मुकाट्यानं परागकणांची चित्रं काढली. पडदे कधी मोजले नाहीत.

त्या निवृत्त होऊन राजाजीनगरला भावाकडे गेल्या. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी गेलो तेव्हा त्यांना देवाघरी जाऊन महिना झाला होता. त्यांच्या वहिनींनी माझं नाव विचारलं आणि एक छोटी डबी आणून दिली. आत ती काचपट्टी होती. चिठ्ठीवर अक्कांचं अक्षर : 'दगड नाही.'

"अक्का म्हणायच्या, तो पुण्याचा येईल एकदा," वहिनी म्हणाल्या. "बूच लावायला विसरतो, पण मनानं बरा आहे. आला की त्याला म्हणावं, मी रागावले नाही."

मी तिथंच पायरीवर बसून रडलो.