ताकातली पूड

अठरा नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी साडेदहा. व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात हजर : डॉक्टरीणबाई, माझा धाकटा भाऊ आणि मी. आई हडपसरला घरी, फोन हातात धरून.

भावानं एमडीची नशा सोडून त्रेचाळीस दिवस झाले होते. मार्केट यार्डात टेम्पो चालवताना झोप येऊ नये म्हणून त्यानं ती पावडर सुरू केली होती. आता त्याच्या गोळ्यांचा तक्ता मी फ्रिजवर लावला होता, वेळ आणि खुणेची चौकट आखून. पण गेले चार दिवस त्याची छाती धडधडत होती, हात कापत होते.

"गोळ्यांशिवाय आणखी काही पोटात जातंय?" बाईंनी विचारलं.

"नाही. ताई, दाखव की तुझा तक्ता. मी किती वेळा शिंकलो तेही असेल त्यात."

सगळं नव्हतं त्यात. एका वनस्पतीच्या मुळीतल्या द्रव्यानं उंदरांची अशा नशेची ओढ कमी झाली, असं मी पेपरात वाचलं होतं. कात्रण फाइलला लावलं आणि काष्ठौषधींच्या दुकानातून त्याच मुळीची पूड आणली. मावशीनं काकांची दारू भाजीत गुपचूप काहीतरी कालवून सोडवली, हे आमच्याकडे कौतुकानं सांगतात. मीही त्याला न सांगता रोज दुपारी ताकात अर्धा चमचा घालत होते.

बाईंनी लघवीची तपासणी लिहून दिली. तो नमुना द्यायला गेला, तेव्हा मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "प्रयोगात मुळीतलं एकच द्रव्य वेगळं काढतात. माणसांना ते चालतं का, हेच अजून नक्की नाही. तुमच्या पुडीत काय काय आहे? गोळ्यांबरोबर ते काय करतं?"

"माहीत नाही."

"उंदरांना निदान मोजून तरी देतात हो."

ईसीजी ठीक निघाला. पूड बंद. "आणि त्याला आजच सांगा. तुम्ही, मी नाही."

रिक्षात तो म्हणाला, "आईला वाटतंय मी परत घेतली. तुलाही?"

"नाही रे."

"मग गप्प का?"

"घरी बोलू."

दुपारी जेवताना त्यानं विचारलं, "आज ताक नाही?"

"विरजण बिघडलं," मी म्हणाले.

आज गुरुवार. तपासणीत काहीच निघालं नाही, तरी आई त्याचे खिसे चाचपते. उरलेल्या पुडीची डबी दवाखान्यात दिली, माझ्या वहीतल्या यादीत खूण केली. कात्रण फाडलं, खूण केली. 'त्याला सांगणे' यापुढची चौकट अजून रिकामी आहे.