चारी बाजूंनी वाडी

दरडीत आमची डोंगरावरची वाडी गेली आणि आम्ही खाली, पोलादपूरच्या रस्त्याकाठी, एकसारख्या नव्या घरांत आलो. कुणाचं दार कुठलं तेच कळेना. मग आम्ही बायकांनीच ठरवलं, जुनी वाडी गोधडीवर भरायची.

सगळ्यांची जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोऱ्याने जोडली आणि दुपारी कामं उरकून गोधडीच्या चारी बाजूंना बसलो. वाडीत जिचं घर ज्या अंगाला, ती त्या अंगाला. प्रत्येकीने आपल्या पुढ्यात आपलं दार, तुळस, गोठा भरला. माझ्या सासूबाईंना धड दिसत नाही. तरी बोटं टोचून घेत त्यांनी घर भरलंच, शिवाय शेजारी घराएवढी थोरली शेळी. आम्ही हसलो तर म्हणाल्या, "व्हतीच तशी. तुमाला काय ठाव गो?"

नव्या समाजमंदिराच्या उद्घाटनाआधी आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष गोधडी बघायला आले. वाडीतलेच, नात्याने माझे दीर. भिंतीवर टांगायची म्हणून आम्ही ती उभी धरली आणि त्यांचं तोंड उतरलं. एका बाजूची घरं सरळ, समोरची डोक्यावर, उरलेली आडवी! सासूबाईंचं घर डोक्यावर उलटलेल्यांत, शेळीचे पाय आभाळात.

"वहिनी, पाहुणे हसतील हो. उलटी-आडवी घरं उसवा, सरळ भरून घ्या."

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "उसव गो. माज्याने पुन्ना नाय व्हायचं. तूच भर."

माझं डोकंच फिरलं. मी भरलेलं घर त्यांचं कसं होईल?

"भावोजी, सासूबाईंचं घर एकदा डोंगराने नेलं. आता तुम्ही उसवून नेणार? एक टाका निघायचा नाही!"

"अहो, पण टांगायची कशी?"

"गोधडी काय टांगायला शिवतात? खाली पसरा. ज्याला वाडी बघायची, त्याने वाडीभोवती फिरावं."

बाकीच्या बायकांनी गोधडीच्या कडा घट्ट धरल्या. अध्यक्षांनी हात जोडले.

उद्घाटनाला खुर्च्या भिंतीला सारल्या आणि गोधडी मधोमध पसरली. माणसं भोवती फिरत, वाकून आपापली दारं शोधत होती. एक म्हातारा आपल्या विहिरीपाशी बसून रडला. मी तर छाती काढून उभी होते, खोटं कशाला सांगू?

फिरत फिरत अध्यक्ष सासूबाईंच्या बाजूला आले आणि त्यांचा करकरता बूट गोधडीच्या काठावर पडला.

"बूट काढ रे आधी!" सासूबाई कडाडल्या. "माज्या अंगणात उभा हायस तू."

अध्यक्ष तिथेच खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले.