एकदा सांगायचं आणि थांबायचं

प्रभाकर गेल्याची बातमी सगळ्यांना कुणी ना कुणी कळवली. मला कळवायची गरज नव्हती. घोडेगावजवळच्या त्या विहिरीवर त्या सकाळी मी होतोच, टेलिफोनवरून त्याला हुकूम सांगत... त्याला आता दोन महिने झाले.

प्रभाकर टेलिफोन खात्यात मेकॅनिक, मी शाळेत मास्तर. आमची मैत्री बालपणापासूनची. त्याचा थोरला भाऊ विहीर खोदताना न उडालेला सुरुंग उकरायला उतरला आणि जिवंत वर आला नाही. प्रभाकर त्याबद्दल कधी बोलत नसे. पण रशियाने चंद्रावर गाडी उतरवून ती पृथ्वीवरून चालवल्याची बातमी आली, तेव्हा कात्रण घेऊन तो माझ्याकडे आला. चंद्रावर माणूस न पाठवता काम होतं, मग आपल्या विहिरीत का होऊ नये, असं त्याचं म्हणणं.

सावेडीतल्या घराच्या मागच्या खोलीत तो दीड वर्ष खपला. भंगारातल्या मोटारी, टाकून दिलेले रिले म्हणजे विजेचे स्विच, टेलिफोनची जुनी डायल यांतून चार चाकांची गाडी झाली. पुढच्या चिमट्यात दारूची छोटी कांडी धरून ती अडकलेल्या सुरुंगाजवळ ठेवायची आणि दोन्ही लांबून उडवून द्यायची. प्रभाकर दोनशे पावलांवर बांधाआड डायल घेऊन बसणार, तिथून गाडीपर्यंत लांब वायर. मी काठावर पोत्यांच्या आडोशाने आरशात बघून त्याला फोनवर सांगणार. अडचण एकच होती. डायल फिरवल्यावर गाडीतले रिले खटके मोजत आणि चार-पाच सेकंदांनी चाकं हलत. तेवढ्या वेळात वाटे, गाडी बंद पडली.

"एकदा सांगायचं आणि थांबायचं," तो मला बजावायचा. "घाईनं दुसऱ्यांदा सांगितलंस तर दोन्ही हुकूम पोचतात."

दुष्काळाचं साल. त्या विहिरीत सुरुंग अडकल्यामुळे आठ दिवस काम बंद होतं. मालक शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पानी दोन हातांवर आलंय. आता आमाला थांबवत न्हाई." सकाळी दगडमाती उपसायच्या यारीच्या दोराने गाडी खाली सोडली. मी एकेक शब्द बोलत होतो, मनात पाच मोजत होतो. सुरुंग हातभर राहिला. मी 'पुढे' म्हणालो. गाडी हलेना. मागे लांबवर सगळी वस्ती उभी होती, त्यांची नजर मला पाठीवर जाणवत होती... पाच मोजून होण्याआधीच मी पुन्हा 'पुढे' म्हणालो. खालचं मला दिसतंय, या विश्वासाने त्याने डायल फिरवली. गाडी दुपटीने पुढे गेली, दगडावर चढली आणि उलटली. वायर तुटली.

प्रभाकर आला, आरशात पाहिलं. मला एका शब्दानेही बोलला नाही. राहू दे, उद्या बघू, असं मी म्हणालो.

"कांडी सुरुंगाला टेकून पडलीय," तो म्हणाला. "आपण गेलो की ही माणसं उतरतील."

मला लांब पाठवून तो दोराला धरून खाली गेला. मी बांधापर्यंत पोचलोही नव्हतो...

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, यंत्र बिघडलं होतं का? मी हो म्हणालो. घरी बनवलेलं सदोष यंत्र आणि मृताचा निष्काळजीपणा, असा कागद झाला. यंत्र बिघडलेलं नव्हतं. दिलेले दोन्ही हुकूम त्याने बरोबर पाळले होते.

मागच्या रविवारी मी सावेडीला गेलो आणि प्रभाकरच्या बायकोला, सुमनवहिनींना, सगळं सांगितलं.

"दोन महिने मी त्यांनाच बोल लावतेय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बायकोमुलं नव्हती का, असं रोज विचारतेय. आता ते परत कसं घेऊ?"

त्या उठल्या. रागाने कुलूप घातलेली मागची खोली त्यांनी उघडली. आत दोरीवर त्याचा बनियन तसाच होता, वाळून कडक झालेला. टेबलावर चष्मा घडी न करता ठेवलेला. त्या आत गेल्या नाहीत. मीही गेलो नाही.