न बोलणाऱ्या भावांचा बँड

आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, पण तेवढ्यानं लिहिण्याचा हक्क मिळतो असं मला वाटत नाही. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचं ते माझे दोघे मोठे भाऊ. त्यांना जे सांगायचं असे ते त्यांनी वाजवून सांगितलं. ते मी शब्दांत मांडायला निघालो, यात आगाऊपणा आहे. चुकलं तर समजून घ्यावं.

आमचं गाव रोहिणखेडच्या जवळ. घरचा भाजीचा मळा. मोठा आणि मधला पाठोपाठचे, मी फार उशिरा झालेलो. वडील मला आठवतही नाहीत. नवं मराठी राज्य झालं त्याच्या पुढच्या शिमग्याला या दोघांनी रॉकेलचे रिकामे डबे गळ्यात अडकवले आणि गावभर बडवत फिरले. शिमग्याला शिव्या माफ असतात, पण यांनी शिव्यांची गाणी केली होती. कंट्रोलची साखर कोणाच्या घरात मुरते, कोणाचा बांध दर वर्षी शेजाऱ्याच्या वावरात सरकतो, हे ज्याच्या त्याच्या दारात उभं राहून गायचं. एका दारातून काठ्या बाहेर आल्या. मधल्याच्या भुवईवरची खूण त्या दिवसाची.

"हा बँड होय का रॉकेलचं दुकान बे?" असं गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं म्हणे.

"रॉकेलच हाय, आबा. बिडी जराशी लांब धरा," मोठा म्हणाला.

पुढे मोठ्यानं खामगावच्या बाजारातून पोचे आलेला एक पितळी ट्रंपेट आणला आणि विहिरीच्या काठावर बसून शिकला. मधल्यानं ढोल मढवून घेतला. माय म्हणायची, "बैल बुजून राह्यले रे. तुह्या फुंकीनं मेथी जळून जाईन एखांद्या दिवशी." पण नातेवाईक तक्रार घेऊन आले, भाजीवाल्याच्या पोरांनी वाजंत्री व्हावं काय म्हणाले, तेव्हा तिनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "चोऱ्या तं नाई करून राह्यले."

सूर त्यांचा फार शुद्ध कधीच नव्हता. बुलढाण्याचे बँडवाले नाक मुरडायचे. पण त्यांच्या वाजवण्यात जो जोर होता तो दुसरीकडे मिळत नसे, आणि लोक लांबून सुपारी द्यायला यायचे. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. हंगामापुरती आणखी माणसं धरायची, लाल कोट चढवायचे आणि मोताळ्यापासून संग्रामपूरपर्यंत लग्नं वाजवायची. वरात मारुतीच्या पारापाशी आली की शेवटी ते दोघं डब्यांचा तो शिमग्याचा ठेका धरायचे. म्हातारे तोंड वाकडं करायचे, पोरं धुळीत लोळायची. माझी शाळा त्यावर झाली आणि कॉलेजही त्यावरच चाललं. सुट्टीत मी झांज वाजवायला जात असे.

माय गेली त्या दिवशीही मी झांज घेऊन उभा होतो. संग्रामपूरकडच्या एका गावी दुपारचं लग्न होतं. निघताना माय आजारी होती, पण अशी ती अधूनमधून असायचीच. वरात मारुतीकडे चालली असताना आमच्या गल्लीतले एक मामा एस.टी.नं येऊन लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. नात्याचे ते कोणी नव्हेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मांडवातल्या कोणी त्यांना पाणी देऊ केलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं. आमच्याकडे मौतीचा निरोप आणणारा माणूस पाणी घेत नाही आणि कोणाला रामराम करत नाही.

मधल्याची त्यांच्याकडे पाठ होती. माझं लक्ष नव्हतं. मोठ्यानं मात्र पाहिलं. मामांनी परतीच्या वाटेवर सांगितलं की त्यांची आणि मोठ्याची नजरानजर झाली, आणि ते पुढे येऊ लागले तसा मोठ्यानं डोळे मिटून पुढचं गाणं उचललं. ते संपताच आणखी एक. मामा परत झाडाखाली जाऊन उभे राहिले. लग्न लागलं, अक्षता पडल्या, त्यानंतरही तो वाजवत होता. शेवटी त्याचा ओठ फुटला तेव्हा त्यानं ट्रंपेट खाली घेतला आणि मामांना बोलता आलं.

सुतक लागलेल्या माणसानं लग्नात वाजवणं म्हणजे नवरानवरीला अपशकुन. पण जुनी माणसं असंही म्हणतात की सुतक कानावर पडल्यावर लागतं. आम्ही गावी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. उन्हाळ्याचे दिवस, गावानं वाट पाहून पाहून दिवस मावळायच्या आत उरकलं होतं. चितेत निखारे होते. माय कुठल्या बाजूला डोकं करून निजवली होती तेही आम्हाला विचारावं लागलं.

तिथंच मधला म्हणाला, "तुले समजलं होतं."

"मले कोणी सांगतलं नव्हतं," मोठा म्हणाला.

त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत. लोकांना वाटलं बँड मोडणार. बँड मोडला नाही. मोठा ट्रंपेटचं तोंड जरासं वर करायचा आणि मधल्याची काठी नेमकी तिथं पडायची. वाजवताना त्यांचं कधी चुकलं नाही. बोलायचं असलं तर माझ्यामार्फत, तेही हातभर अंतरावर उभं राहून.

"याले सांग, घोडं बुजते, जरा हळू बडव."

"त्याले सांग, घोड्याले काई नाई झालं, तुलेच दम लागून राह्यला."

हंगामी माणसं हसायची. मीही सुरुवातीला हसलो.

दम खरंच लागत होता. कापसाच्या दिवसांत जेव्हा लग्न नसे तेव्हा मोठा खामगावला जिनिंगमध्ये कामाला जाई. कापसाची बारीक धूळ छातीत बसली होती. शेवटी शेवटी त्याच्याच्यानं फुंकवेना. तरी तो लाल कोट घालून वरातीपुढे उभा राहायचा, ट्रंपेट ओठांना लावायचा आणि आवाज मागून भाड्यानं आणलेल्या माणसाचा यायचा. मधला हे पाहत होता. तो ठेका संथ धरू लागला, पण बोलला नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हापासून मला एकच वाटत होतं. मोठा जायच्या आत या दोघांत एक तरी शब्द व्हावा. दिवाळीच्या सुट्टीत मी मधल्याला गाठलं. तो अंगणात ढोलाच्या दोऱ्या ताणत बसला होता.

"एक डाव बोल ना त्याच्याशी."

"त्यानं म्हणावं आधी. मले समजलं होतं, एवढं म्हणावं."

मी आत गेलो. मोठा भिंतीला टेकून बसला होता. निजलं की त्याला खोकला यायचा.

"दादा, म्हणून टाक ना तेवढं."

तो बराच वेळ श्वास जमवत राहिला. मग म्हणाला, "काऊन खोटं बोलू? मामानं सांगेपर्यंत माय जित्तीच होती माह्यासाठी. वाजवणं थांबवलं असतं तं थो बोलला असता."

हे मी बाहेर येऊन मधल्याला शब्दाला शब्द सांगितलं. त्याचे हात थांबले. मग त्यानं पुन्हा दोरी ओढली. दुसऱ्या दिवशी मी खामगावला कॉलेजात परतलो.

लग्नसराई सुरू झाली होती. एका दुपारी तास सुटला आणि कॉलेजच्या आवारात मला मामा दिसले. चपला काढून हातात धरल्या होत्या. मी जवळ गेलो. त्यांनी रामराम केला नाही.

"पाणी आणू काय, मामा?" मी विचारलं.

त्यांनी हातानंच नको म्हटलं. मी तरी विचारत राहिलो. एस.टी. वेळेवर मिळाली काय, गावाकडे कापूस वेचून झाला काय. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

मग ते म्हणाले, "सकायी गेला. झोपेतच. तरास नाई झाला. तुह्यासाठी ठेवलं हाय, चाल."

"मधला?"

"थो लग्नात होता, मोताळ्याजवळ. मी तिकडूनच आलो. म्या पाणी नाई घेतलं, थे त्यानं पाह्यलं. मारोती आला, नवरदेव उतरला, बाकीच्यायनं वाजवणं थांबवलं. हा थांबेच ना. थो डब्याचा ठेका धरून बसला एकटाच. नवरीकडचे म्हने, बस करा, मुहूर्त टळून राह्यला. ऐकेच ना. काठी मोडली तवा थांबला."

मामांनी चपला खाली टाकल्या आणि पायात घातल्या.

"म्या त्याले म्हनलं, काऊन रे एवढं लांबवलं? तं म्हने, मामा, तुमी सांगतलं नव्हतं ना अजून."